सात हात मागे

२००४ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो. पडवी माझी, खुर्ची माझी, आणि ती पायरीशी उभी राहून मलाच म्हणत होती, "तुमी बसा आदी दादा. मी हाय मागं."

हे तिचं कायमचं बोलणं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, पण इतकी पक्की पाहिली नसतील. शहापूरच्या स्टँडवर किन्हवलीची गाडी लागली की ही दाराशी उभी राहून सगळ्यांना वर चढवायची. "व्हा पुढं, मी हाय मागं." कंडक्टर घंटी मारायचा आणि गाडी निघून जायची. एकदा नाही, माझ्या डोळ्यांदेखत दोनदा. दुसऱ्या वेळेला मी ओरडलो, "अगो, गाडी गेली ना तुजी!" तर पदराने तोंड पुसत म्हणते, "जाव दे. सगले बसले ना?"

तिचं नाव मी लिहीत नाही. आमच्याकडे सासरी आलेल्या बाईला माहेरच्या गावाने हाक मारतात, म्हणून सापगावात ती जन्मभर किन्हवलीवाली राहिली. नाव होतं ते रेशनकार्डावर, तेही शेजारणीचं पडलेलं. तिने ते बदलून घेतलं नाही. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. चुकलंमाकलं तर वाचणाऱ्याने समजून घ्यावं. पण हे लिहायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

माझा धंदा भोंग्याचा. शहापूरपासून पार वैशाखऱ्यापर्यंत लग्नाच्या मांडवावर पहिला भोंगा चढवला तो मी. कोणी दुसऱ्याचं नाव सांगत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. साल बासष्ट. गावात वीज नव्हती. बैलगाडीत बॅटरी, मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं मशीन, आणि भोंगा मी कोणाच्या हातात देत नसे. गावात शिरलो की आधी उंच आंबा शोधायचा, शेंड्याला भोंगा बांधायचा, तोंड वाऱ्याच्या बाजूला करायचं. खाली मांडवात माईक. मग चार गावांना कळायचं की आज इथे हळद आहे.

आणि माईकसमोर किन्हवलीच्या बहिणींची पार्टी.

पार्टी म्हणजे तीन पोरी. दोन सख्ख्या बहिणी, थोरली आणि धाकटी, आणि तिसरी त्यांच्या शेजारची, ही. हळदीची गाणी, मांडवाची गाणी, धवळे, सगळं यांच्या तोंडपाठ. थोरली ओळ सांगायची, धाकटी ती उचलायची. ओळ संपता संपता दोघींचा दम जायचा. तेव्हा शेवटचा सूर ही धरायची. धरायची म्हणजे कसा, तर दोघी बहिणी श्वास घेणार, पदर सारखा करणार, थोरली नवरीच्या आईकडे बघून हसणार, आणि तोवर हा सूर तसाच ताणलेला, ना वर ना खाली. ओल्या मातीच्या भिंतीवरून हात फिरवावा तसा. मग थोरली पुढची ओळ घ्यायची. याला आमच्यात झील धरणं म्हणतात. झील सुटली की गाणं तुटलं, आणि हळदीत गाणं तुटलं तर बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघतात.

पण हिचा आवाज माझ्या माईकला सोसेना. तिने सूर धरला की भोंगा शिट्टी मारायचा. मग मी काय केलं, तिला मागे सरकवलं. एक हात, दोन हात, चार हात. शेवटी सात हातांवर शिट्टी थांबली. तिथे मी शेणाने सारवलेल्या जमिनीवर खडूने रेघ मारली आणि सांगितलं, "हिच्या पुडं यायचं नाय."

पुढे प्रत्येक लग्नात आधी माझी रेघ, मग बाकी सगळं. लहान घर असलं की पंचाईत व्हायची.

"दादा, भिंत आली."

"मग दाराभाईर उभी ऱ्हा."

"बरं."

आणि ती बाहेर उभी राहायची. वैशाखऱ्याला, घाटाखाली, माघातल्या थंडीत एका हळदीला ती गोणपाट पांघरून दाराबाहेर उभी राहिली आणि दोन तास झील धरली. आतल्या लोकांना ती दिसली नाही. बाहेर होते त्या म्हाताऱ्यांना वाटलं, कोणाची तरी पोर शेकोटीला आली आहे.

सात हातांवरून तिचा आवाज माईकात जायचा तो नुसता सूर होऊन. शब्द नाही, बाई नाही, पुरुष नाही. आंब्यावरून तो असा काही निघायचा की लोक काम सोडून वर बघायचे. आणि मला म्हणायचे, "काय घुमतो रे तुजा भोंगा!"

मी हो म्हणायचो.

पहिल्यांदा हो म्हणालो तेव्हा हसत म्हणालो असेन. पण लोक परत परत म्हणायला लागले. मुरबाडकडच्या एका भोंगेवाल्याने माझ्यासारखाच भोंगा आणला, त्याच दुकानातून, त्याच मापाचा. तो घुमेना. तो माणूस माझ्या दारात येऊन बसला. "काय करतोस ते सांग." मी म्हणालो, "त्याला हात लागतो." तो चहा पिऊन गेला. त्या दिवशी मी खूश होतो, हे खोटं कशाला सांगू?

तिला हे सगळं माहीत होतं. एकदा तिला सर्दी झाली होती. किन्हवलीतलंच लग्न, आवाज बसलेला, झील दोनदा तुटली. लोक म्हणाले, आज भोंगा घुमत नाही. ती माझ्याजवळ आली आणि नाक ओढत म्हणाली, "दादा, तुमच्या भोंग्याला सर्दी झालीया. गवती चहा पाजा त्याला." आणि तोंडावर पदर घेऊन हसली. एवढंच. त्या बाबतीत ती मला जे काय बोलली ते एवढंच. पुढेही नाही.

लग्न पार पडलं की नवरीकडचे थोरलीला लुगडं द्यायचे, धाकटीला लुगडं द्यायचे, मला टोपी-उपरणं. हिला चोळीचा खण. कधी तोही राहून जायचा. पार्टीचं नावच बहिणींची पार्टी, आणि बहिणी दोन. देणारा मोजणार तसंच. थोरली एकदा भांडायला निघाली तर हिनेच तिचा हात धरला. "ऱ्हाव दे गो. मी मागंच होते ना."

सदुसष्ट साली तिचं लग्न सापगावला झालं. पार्टी आणखी एक मोसम चालली. भोंगा घुमला नाही. मी लोकांना सांगितलं, आतला पडदा गेला. पडदा बदलला. पुन्हा नाही घुमला. पुन्हा बदलला. मग बहिणींचीही लग्नं झाली आणि मी सुटलो.

तिच्या सासरी गाणं चालत नव्हतं. मारझोड वगैरे काही नाही. भाताच्या लावणीच्या वेळी खाचरात तिने एकदा सूर धरला तर सासरा बांधावरून एवढंच म्हणाला, "आमच्या घरात तोंड बंद ठेवून काम व्हतं." झालं. पस्तीस वर्षं तोंड बंद ठेवून काम झालं. तो सगळा दम मग फुंकणीत जायचा. सापगावच्या बायका सांगायच्या, किन्हवलीवाली एका फुंकरीत ओली लाकडं पेटवते. आणि म्हशी हाकारताना. भातसा नदीच्या पलीकडे गेलेली म्हैस तिच्या हाकेला मान वळवायची. एवढ्यावर सासऱ्यालाही काही बोलता येत नव्हतं, म्हैस तर आणायलाच हवी.

सासरा गेला, सासू गेली, नवराही गेला. मुलगा जीप चालवायला लागला. शाळेत खिचडी शिजवायचं काम निघालं ते हिला मिळालं. आणि तोंड उघडायला मोकळी झाली तर ऐकणार कोण? सुनेला सांगायची, "मी भोंग्यावर गायची." नातीला सांगायची. मुलगा हसायचा. घरात काही हरवलं की सून म्हणायची, "आईंच्या भोंग्यात बगा, तितं असंल." तीही हसायची त्यांच्याबरोबर. त्यांना पुरावा कुठून दाखवणार? ना फोटो, ना तबकडी. थोरली वारली होती. धाकटी सुरतेला मुलाकडे, अंथरुणाला खिळलेली, माणसं ओळखत नव्हती. राहिलो मी.

आता नाटकाचं सांगतो.

२००४ साली कल्याणची कॉलेजातली पाच-सहा पोरं आली. त्यांना जुन्या हळदीच्या गाण्यांवर छोटंसं संगीत नाटक करायचं होतं. किन्हवलीच्या बहिणींबद्दल त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यांची म्होरकी एक कापलेल्या केसांची, चष्म्याची मुलगी. तिला मी बाई म्हणायचो, ती मला काका. माझ्या पडवीत भोंगा लटकलेला होता, तो बघून तिचे डोळे असे झाले की मला बरं वाटलं. किती वर्षांनी कोणीतरी त्याच्याकडे तसं बघत होतं. तीन दिवस तिने टेप लावला आणि मी बोललो. बहिणी कशा उभ्या राहायच्या, काय घालायच्या, गाणी कुठली.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "पण काका, दोघींचा श्वास संपल्यावर गाणं तुटायचं नाही का?"

मी म्हणालो, "माजा भोंगा घुमायचा. त्या थांबल्या तरी तो थांबत नव्हता."

चाळीस वर्षं सांगत आलो होतो, तसंच सांगितलं. जीभ अडखळली नाही. हे मी मुद्दाम लिहितो. अडखळली असती तर मला स्वतःबद्दल थोडं बरं वाटलं असतं.

शहापूरच्या शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग ठरला. तिच्या शाळेच्या हेडमास्तरांनी तिला खिचडीच्या चुलीपाशी सांगितलं, आणि ती संध्याकाळच्या आत माझ्या पायरीशी हजर. किती वर्षांनी आली होती. मी बसल्याशिवाय बसली नाही. बसली ती खाली, भिंतीला टेकून.

"दादा, आपल्या पार्टीचं नाटक हाय म्हणतात."

"हाय."

"तुमी सांगितलंत समदं?"

"सांगितलं."

ती मग पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "माजं काम कोन करतीया?"

मी म्हणालो, "येशील तवा बगशील."

"काली हाय का गोरी?"

"अगो, बगशील ना."

"गोरी नको हो. मी काली होते, सांगा त्यांना. लोक हसतील नायतर." आणि उठता उठता म्हणाली, "सुनेला आनते. पोराला पन आनते. पोरगी तर नाचायलाच लागलीया, आजी नाटकात हाय म्हणून."

त्यानंतरचे आठ दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. आजारी पडावं तर पडता येईना. बाहेरगावी जावं तर पत्रिकेत प्रमुख पाहुणा म्हणून नाव छापलेलं. शेवटी तालमीच्या जागी गेलो. चष्मेवाल्या मुलीला बाजूला घेतलं. "बाई, एक सांगायचं राह्यलंय."

"काका, आता काही बदलायचं नाही हं. परवा प्रयोग आहे. आणि तुमच्या भोंग्याचा भाग बघाच तुम्ही. सगळ्यांत सुंदर तोच झालाय."

आणि मला आनंद झाला. त्या घटकेला, खरंच, आनंद झाला. म्हणून गप्प घरी आलो.

रविवार, दुपारचे चार. हॉलच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला. प्लास्टिकच्या खुर्च्या, साठ-सत्तर माणूस. तिचा मुलगा जीप भरून घेऊन आला. सून, नात, आळीतल्या चार बायका, आणि ती. कोरं निळं लुगडं, घडी मोडलेली दिसत होती. मी पहिल्या रांगेत, गळ्यात हार. ती नेहमीसारखी मागच्या भिंतीकडे निघाली तर नातीने हात ओढला. "आजी, तू नाटकात हायेस ना? मग पुडं बस." तिला माझ्या शेजारची खुर्ची मिळाली. कुठल्याही कार्यक्रमात तिला पहिल्या रांगेत बसलेली मी पाहिली ती तेवढीच.

माझ्या डाव्या हाताला भिंत. उजव्या हाताला ती, तिच्यापलीकडे नात, सून, मुलगा. पायांपुढे पेटी आणि ढोलकीवाले बसलेले. मागे दार लावून त्याला पडदा ठोकलेला. उठायचं म्हटलं तर पेटीवर पाय द्यावा लागला असता.

सुरुवातीला मजा आली. लांब केसांचा एक पोरगा मी झाला होता. इस्त्रीची पँट. मी जन्मात असली पँट घातलेली नाही. तिने मला कोपराने ढोसलं. "दादा, तुमी कवा होतात हो एवढे देखणे?" दोन मुली आल्या, थोरली आणि धाकटी. गायला लागल्या. आवाज शहरातले, पण गाणी बरोबर घेतली होती. तिचे ओठ हलत होते. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

नात वाकून म्हणाली, "आजी, तू कवा येणार?"

"येईन गो. मी मागनं येते."

दुसरं गाणं झालं. नातीने परत विचारलं.

"अगो, थांब की. मला दाराभाईर उभी केली असंल."

ते ऐकून मी गळ्यातला हार काढला. मला त्याचा घाम येत होता.

मग लग्नाचा प्रसंग आला. बांबूवर पुठ्ठ्याचा चंदेरी रंगवलेला भोंगा. दोघींनी ओळ म्हटली, "आंब्याच्या पानाला गो, आज हळद लागली", आणि दम संपल्यासारख्या थांबल्या. बाकीचे दिवे गेले. एकच दिवा भोंग्यावर. आणि पेटीवाल्याने सूर धरला. लांब, एकसारखा. भोंगा गातो आहे असं वाटत होतं. माझं काम करणारा पोरगा वर बघून म्हणाला, "घुम रे माझ्या राजा, घुम!"

हॉलभर टाळ्या.

असं मी कधी बोललो नव्हतो, असं लिहायला मला आवडलं असतं. पण बोललो होतो. दुसऱ्या दिवशी, टेपसमोर.

तिचा डावा तळहात कानावर गेला. सूर धरताना तो तसाच जायचा, बासष्ट साली जायचा तसा. छाती भरली. मला वाटलं, आता ही उठते आणि सगळा हॉल दणाणून सोडते, आणि देवाशपथ सांगतो, मला वाटलं उठावं. म्हणजे मी सुटलो असतो. पण तिने तो श्वास हळूहळू सोडून दिला, आवाज न करता. पेटीचा सूर संपेपर्यंत पुरवून सोडला. पुढची ओळ झाली, दोघी थांबल्या, पुन्हा छाती भरली, पुन्हा तसंच. सगळं गाणं ती अशी माझ्या शेजारी बसून मुकी झील धरत होती आणि तिचा दंड माझ्या दंडाला लागलेला होता. दर वेळी मला कळत होतं. सरकायला जागा नव्हती.

गाणं संपल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, भोंगा चांगला वाजला."

टोमणा असता तर मी उलट काही बोललो असतो. मी उलट बोलायला कोणाला ऐकत नाही. पण तो टोमणा नव्हता.

नाटक संपलं. दिवे लागले. नात अजून पडद्याकडे बघत होती. "आजी, तू आलीच नाय."

सून आळीतल्या बायकांकडे बघून हसली. "बगा. इतकी वर्सं आयकतोय, मी गायची, मी गायची."

मुलगा म्हणाला, "आई, भाडं सोडून आलो ना गो मी. उगीच सगल्यांना घेऊन आलीस."

ती लुगड्याची घडी सारखी करत म्हणाली, "मी त्या येळला पान्याला गेल्ते." बायका खळखळून हसल्या. तीही हसली. मला वाचवायला बोलली, का स्वतःला, मला आजही ठरवता येत नाही.

तेवढ्यात मला पुढे बोलावलं. शाल दिली, नारळ दिला. चष्मेवाल्या मुलीने बिनवायरचा माईक माझ्या हातात ठेवला. "काका, दोन शब्द." समोर ती, हात मांडीवर. आता बोल, मी मनात म्हणालो. एकच वाक्य होतं. तिसरी ही बघा, इथे बसली आहे. दोन शब्द म्हणाली होती, तेवढ्यात झालं असतं.

मी बोललो ते बॅटरीबद्दल. किती व्होल्टची होती, किती तास चालायची, बैल बिथरले तर मशीन कसं मांडीवर धरायचं. लोक हसले, टाळ्या पडल्या. तिनेही वाजवल्या. जीपमध्ये ती सगळ्यांच्या शेवटी चढली. मी शाल घेऊन पायरीवर उभा होतो. तिने मला हात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, टोपी घातली आणि सापगावला चालत गेलो. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. एकदा ठरवलं की मी बैलाचं ऐकत नाही.

ती घरी नव्हती. खिचडीचा लाकूडफाटा बघायला शाळेत लवकर गेलेली. मुलगा अंगणात जीप धूत होता. सून ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. नात वेणी घालून घ्यायला बसलेली.

मी अंगणातच सांगितलं. "तुजी आई गायची. तिसरी तीच. भोंगा कदी घुमला नाय, ती घुमायची. मी लबाड बोललो."

मुलाने नळी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. आणि अगदी मायेने म्हणाला, "आईनं धाडलं ना काका तुमाला? कालपासनं गप गप हाय ती. ऱ्हाव द्या. म्हातारी मानसं बोलतात, आमी काय मनाला लावून घेत नाय. बसा, चहा घ्या."

"तिनं नाय धाडलं. तिला ठावं पन नाय."

सून सुपातून मान वर न करता म्हणाली, "काल हातात माईक होता तवा का नाय बोललात मंग?"

चहा पिऊन, मान डोलवून परत फिरायचं, ते माझ्याने होणार नव्हतं. मी ओट्याच्या कडेला बसलो. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आणि थोरलीची ओळ म्हणायला लागलो.

मी कधी गायलो नाही. माझा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. समोरच्या घरातून कोणीतरी डोकावलं. नात फस्सकन हसली आणि सुनेने तिला गप केलं. मी ओळ शेवटपर्यंत नेली, जिथे दोघींचा दम जायचा तिथपर्यंत, आणि थांबलो.

"हितं," मी म्हणालो. "हितं ती."

आणि गप्प बसलो. ती किती वेळ धरायची ते मला बरोबर माहीत होतं. मशीनवर हात ठेवून पाच वर्षं मी तो वेळ मोजला होता, शिट्टीच्या भीतीने. तेवढा वेळ मी हललो नाही. मुलाच्या नळीतून पाणी मातीत जात होतं, ते त्याने बंद केलं नाही.

मग दुसरी ओळ घेतली. शेवटाला आलो, थांबलो, तेवढाच गप्प बसलो. मग तिसरी. मुलगा म्हणाला, "काका, बास." मी ऐकलं नाही. सुनेचे हात सुपात थांबले होते. मी अख्खं गाणं म्हटलं, एकही जागा कमी न करता.